घेऱ्याशिवाय गड

पुणे जिल्ह्यात ‘घेरा पुरंदर’ नावाचं महसुली गाव आहे. ‘घेरा सिंहगड’ही आहे. रत्नागिरीच्या खेड तालुक्यात ‘घेरा रसाळगड’ आणि ‘घेरा सुमारगड’ आहेत. तलाठ्याच्या दप्तरात ही नावं गावाच्या रकान्यात निमूट बसलेली असतात आणि पीककर्जासाठी उतारा काढायला आलेल्या शेतकऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. गड म्हटलं की आपल्यासमोर बुरूज येतो, दरवाजा येतो, फार तर फडफडता भगवा. गडाला पोटही होतं, हे मात्र महसूल खात्यानं नकळत लक्षात ठेवलं आहे. त्या पोटाचं नाव घेरा. पायथ्याची गावं, वाड्या, खाचरं, वरकस जमीन, रान, ओढे, चढणीवरच्या चौक्या, हे सगळं त्यात आलं.

गेली काही वर्षं गडांबद्दल आपण पुष्कळ बोलतो आहोत. त्यातलं बहुतेक बोलणं तटाच्या आत सुरू होतं आणि तटाच्या आतच संपतं. माझं म्हणणं असं की घेरा वगळून गड समजत नाही आणि टिकतही नाही. वर कितीही चुना-दगड ओतला तरी.

राजगडाचं उदाहरण घेतो, कारण तिथं मी सगळ्यात जास्त वेळा गेलो आहे. पहिल्या खेपेला सगळे पाहतात तेच पाहिलं: पद्मावतीचं देऊळ, तळं, सईबाईंची समाधी, बालेकिल्ल्याची अंगावर येणारी चढण, सुवेळा माचीवरचं नेढं. पाच-सहा खेपा झाल्यावर कुठे मान खाली वळली. सुवेळेच्या टोकावर सकाळी सातला बसावं. खाली धुक्यातून आधी झाडांचे शेंडे वर येतात, मग कौलं, मग खाचरांचे बांध. भात कापून झालेलं असेल तर खाचरं चटईसारखी पिवळी दिसतात. मग ध्यानात येतं की या गडाच्या तिन्ही माच्या हाताच्या बोटांसारख्या तीन दिशांना पसरल्या आहेत. पद्मावती उत्तरेला, सुवेळा पूर्वेला, संजीवनी नैर्ऋत्येकडे. उत्तरेला गुंजवणीचं आणि कानंदीचं खोरं, दक्षिणेला वेळवंडीचं. माची म्हणजे खोऱ्यावर ठेवलेली नजर. मुरुंबदेवाच्या या डोंगरावर शिवाजीराजांनी राजधानी बसवली आणि पाव शतक कारभार केला तो या खोऱ्यांच्या जोरावर. साडेचार हजार फुटांवर भात पिकत नाही.

गडाचा जीव कुठे असतो, हे शत्रूला आपल्यापेक्षा लवकर कळलं होतं. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंह आला. पुरंदरला दिलेरखानाचा वेढा पडला, वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले. ही गोष्ट शाळेत सगळे शिकतात. त्याच वेळी जयसिंहानं दाऊदखान कुरेशीच्या हाताखाली दुसरी फौज फिरवली. तिचं काम किल्ले घेण्याचं नव्हतं. रोहिड्याच्या आसपासची सुमारे पन्नास गावं तिनं जाळली. मग ती राजगडाखाली आली आणि तटाला हात न लावताच वाटेतली गावं बेचिराख करून परत फिरली. पुरंदरवर तोफा चालल्या; राजगडावर तोफांची गरज नव्हती. खालचं पीक आणि खालची माणसं गेली की वरचा तट आपोआप पोकळ होतो, हा त्यामागचा हिशेब. जून १६६५ मध्ये तह झाला त्यामागं पुरंदरचा वेढा होता तसा या जळत्या मावळाचा धूरही होता. पाठ्यपुस्तकात त्या गावांना ओळभरही जागा मिळाली नाही.

त्या तहाची भाषाही पाहावी. तेवीस किल्ले मुघलांना, बारा राजांकडे, हे आपल्याला पाठ असतं. पण तेवीस किल्ल्यांबरोबर चार लाख होनांचा मुलूख गेला आणि बारांबरोबर एक लाख होनांचा उरला, हा दुसरा अर्धा भाग बोलताना गळतो. तह करणाऱ्या दोघांनाही किल्ला हे एक खातं वाटत होतं. त्याच्या एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला जमीन. नुसता दगड कोणी कोणाला दिला नाही, मागितलाही नाही.

जिंजीला हाच डाव उलटा फिरला. राजगडावर १६७० मध्ये जन्मलेले राजाराम महाराज तिकडे तमिळ मुलखात वेढ्यात अडकले होते. वेढा जवळपास आठ वर्षं रेंगाळला. १६९२ च्या अखेरीस संताजी आणि धनाजी बाहेरच्या मुलखात उतरले, मुघलांची रसद तुटली आणि वेढा घालणारा झुल्फिकारखानच उपासमारीला आला. घेरा ज्याच्या हातात त्याचा गड, हे तिथं तोफांशिवाय सिद्ध झालं.

या शहाणपणाची लेखी नोंदही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, गडांवर एक मोठं प्रकरण आहे. राज्याचं सार गड, हे वाक्य त्यातून सारखं उचललं जातं आणि फलकांवर रंगवलं जातं. त्याच प्रकरणातलं पुढचं फारसं कोणी वाचत नसावं. तिथं कलारग्याच्या झाडीविषयी लिहिलं आहे. कलारगा म्हणजे गडाच्या अंगाखांद्यावरचं, पायथ्याचं रान. ते जपून वाढवा, त्यातली एक काठीही तोडू देऊ नका, अशी ताकीद आहे. गडाची खरी राखण अमात्य त्या झाडीत पाहतात. पाण्याविषयी आहे: आधी पाणी पाहा, मग किल्ला बांधा, आणि एका झऱ्यावर विसंबू नका. आणि केराविषयीही आहे. गडावरचा केर खाली ढकलू नका, जागच्या जागी जाळा, त्याची राख परसात टाकून भाजीपाला करा. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजनीतीच्या ग्रंथात दोडक्या-घेवड्याला जागा आहे. त्या माणसाला घेरा ठाऊक होता.

इथं एक सावधगिरी. घेऱ्याचे गोडवे गाणं सोपं आहे आणि मला ते टाळायचं आहे. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस. खाली मेटांवर रामोशी, कोळी, महार, मांग, बेरड. मेट म्हणजे चढणीवरची पहाऱ्याची जागा. वेल्ह्यातल्या मेटपिलावरे गावाच्या नावात हा शब्द आजही आहे. या लोकांना चाकरीबद्दल जमिनी होत्या, मान होता, आणि उतरंडीतली त्यांची जागा पक्की खालची होती. शत्रू आला तर पहिला वार यांच्यावर. रात्री दरवाजे बंद झाले की हे बाहेर.

हिरकणीची कथा आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो. ती दंतकथा असेल, असो. पण कथा रचणाऱ्यांनी त्यात एक गोष्ट सहज सांगून टाकली आहे: रायगडावरचं दूध खालून येत होतं. राजधानीची सकाळ पायथ्याच्या बाईच्या डोक्यावरून वर चढत होती. आणि सूर्य मावळल्यावर त्याच बाईला खाली सोडायला दरवाजा उघडत नव्हता. गड आणि घेरा यांचं नातं इतकं घट्ट आणि इतकं विषम होतं. मला तो काळ परत नको आहे. नातं होतं, एवढंच नोंदवायचं आहे.

हे नातं कोणी तोडलं? १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी किल्ल्यांच्या वाटा, दरवाजे, टाकी ठिकठिकाणी निकामी करून टाकली. दगड पाडल्याची हळहळ आपण अजून करतो. पण त्याच फटक्यात हजारो गडकरी आणि मेटकरी बिनकामाचे झाले, त्यांची इनामं, हक्क, वतनं हलली, ही मोडतोड कुठल्याच छायाचित्रात दिसत नाही. पुरंदरच्या पायथ्याला भिवडी गावात जन्मलेला उमाजी नाईक याच मोडतोडीतून उभा राहिला. पुरंदरची राखण ज्या रामोशांकडे होती त्यांचा तो. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्याला फाशी दिलं. आद्य क्रांतिकारक म्हणून त्याचे पुतळे उभारले, ते योग्यच झालं. पण तो आधी घेऱ्यातला माणूस होता, आणि ज्या जमिनीसाठी, ज्या हक्कासाठी तो उठला ते पुतळ्याच्या पाटीवर मावत नाही.

याहून नेमकं उदाहरण कोल्हापूरचं आहे, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते फारसं माहीत नसतं. १८४४ चं गडकऱ्यांचं बंड. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड या गडांवर पिढ्यान्पिढ्या शिबंदी होती आणि तिच्या पोटासाठी गडाखालच्या जमिनी लावून दिलेल्या होत्या. त्यांची व्यवस्था गडाकडूनच चाले. कंपनीच्या देखरेखीखालच्या नव्या कारभाऱ्यांनी ती गडाकडून काढून मामलेदार कचेरीकडे वळवली. कागदावर ही निव्वळ हिशेबाची सुधारणा होती. गडकऱ्यांना तिचा अर्थ लगेच कळला. सामानगडानं दरवाजे लावून घेतले, मग भुदरगडानं. वर्ष संपता संपता पन्हाळ्यावर तोफा डागूनच ते प्रकरण मिटवावं लागलं. एकही बुरूज पाडण्यापूर्वी केवळ जमिनीचं दप्तर एका कचेरीतून दुसरीत नेल्यानं गड संपतो, हे त्या शिबंदीनं ओळखलं होतं. आपल्या इतिहासलेखकांनी या बंडाकडे तळटिपेसारखं पाहिलं याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आता आजचं. ११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक जिंजी. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. युनेस्कोनं ज्या नावानं ही नोंद केली तिच्यात किल्ला हा शब्दच नाही. मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश, असं ते नाव आहे. म्हणजे डोंगर, खोरं, घाटवाट, रान, सागरकिनारा यांच्यासकट. परक्यांनी घेरा मान्य केला. आपल्या बातम्यांत ‘बारा किल्ले’ उरले आणि लगेच चर्चा सुरू झाली ती दिव्यांची, पायऱ्यांची, उपाहारगृहांची.

कायद्याचा घेरा तर मोजून तीनशे मीटरचा आहे. केंद्राच्या ताब्यातल्या स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचं बंधन. मैदानातल्या देवळाला, मशिदीला हे माप ठीक. डोंगरी किल्ल्याला लावून पाहा. तीनशे मीटर म्हणजे बऱ्याच ठिकाणी कड्याचा अर्धा भाग. तिथं माकडंसुद्धा जपून चालतात, बांधकाम कोण करणार? पन्हाळ्यासारख्या नांदत्या गडावर मात्र हेच माप तिथल्या माणसाला घराची पडकी भिंत उभी करतानाही आडवं येतं. जिथं धोका नाही तिथं पहारा, जिथं माणूस राहतो तिथं जाच, आणि खऱ्या घेऱ्यात, खोऱ्यातल्या गावांत, मोकळं रान. तिथं गुंठेवारी चालते. राजगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘गडाचा व्ह्यू’ देणाऱ्या प्लॉटच्या पाट्या मी मोजायला लागलो होतो, पुढे कंटाळून सोडून दिलं. डोंगरउतार यंत्रानं कापून सपाट करायचा, वर लोखंडी फाटक, आत एक पोहण्याचा तलाव. गडाचा व्ह्यू विकला जातो. गडावरून दिसणाऱ्या व्ह्यूचं काय होतं, हे विकणारा आणि घेणारा कोणीच वर जाऊन पाहत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. रविवार होता. एका उत्साही मंडळाची मुलं गडावरून कचरा गोळा करून उतरत होती. घोषणा चालू, चेहरे लाल, पाठीवर गोणी. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या बाटल्या उचलणं सोपं नाही. खाली आल्यावर गोण्यांसह एक छायाचित्र झालं आणि गाडी निघाली. सोमवारी सकाळी मी पायथ्याच्या वाडीच्या मागच्या ओढ्याकडे गेलो. गोण्या तिथं होत्या. चार फुटल्या होत्या, एक शेळी वेफरच्या पाकिटात तोंड घालून उभी होती. गड स्वच्छ झाला होता. आज्ञापत्रातली ताकीद नेमकी उलटी झाली होती, आणि कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. तटाच्या आत ते पवित्र आणि तटाखाली नुसती जागा, ही रेघ आपण मनात ओढली आहे, तिचा हा परिणाम.

त्या वाडीतल्या एका मावशींकडे मी उतरतो. त्या सुट्टीच्या दिवशी ताक, लिंबूपाणी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गडावर बसतात. वर नेण्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर, दोन-अडीच तासांची चढण, गुडघा दुखतो. एकदा सहज विचारलं, पाणी किती विकलं जातं? त्या हसल्या. “गडावर येनाऱ्याला पानी लागतं म्हनून आमी पानी इकतो दादा. आन् मे म्हयन्यात आमच्या वाडीला टँकर.”

संजीवनी माचीवरून दक्षिणेला पाहिलं की भाटघरचं पाणी चकाकताना दिसतं. १९२८ मध्ये हे धरण पुरं झालं, वेळवंडीच्या खोऱ्यातली गावं आणि भाताची उत्तम जमीन त्यात गेली. ते पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामतीच्या, फलटणच्या उसाला जातं. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण मावळात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. गडावर मात्र पद्मावतीचं तळं आहे, बालेकिल्ल्यावर चंद्रतळं आहे, कातळात खोदलेली टाकी आहेत. सतराव्या शतकातल्या लोकांनी डोंगराच्या डोक्यावर पाणी धरलं, आणि आपल्याला पायथ्याशी धरता येत नाही. वरची टाकी साफ करायला निधी मिळतो, तो मिळायलाच हवा. पण त्याच डोंगराच्या कुशीतला झरा बुजला तर तो पुरातत्त्वाच्या कक्षेत येत नाही, जलसंधारणाच्या यादीतही क्वचितच बसतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. पुरातत्त्व खात्याकडे माणसं नाहीत, पैसा नाही; तट ढासळतो आहे; आधी तो वाचवू, मग गावांचं बघू. मी तटाच्या बाजूचाच आहे. पण तट का ढासळतो तेही पाहायला हवं. वरचं रान बोडकं झालं, वणवे लागले, चार महिन्यांच्या पावसाला माती धरेना, की पाया सुटतो. गवताला आग कोण लावतं, ती कधी विझवायची, कुठल्या वाटेनं पाणी वाहतं, हे रोज पाहणारा माणूस खाली राहतो. त्याला आपण संवर्धनात धरत नाही. झोपडी टाकली तर अतिक्रमण म्हणून धरतो. गडकरी या शब्दाचा अर्थ आता फक्त आडनाव उरला आहे.

दुसरा आक्षेप गावातूनच येतो, आणि तो मला जास्त अडचणीत टाकतो. शहरातल्या माणसानं येऊन आमच्या जमिनीवर घेरा-बिरा लादू नये. गुंठा विकून पोराचं शिक्षण झालं, तर तुमच्या पोटात का दुखतं? याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. वरकस जमिनीत नाचणी-वरई पिकवून संसार होत नाही हे खरं आहे. पण म्हणूनच गडाच्या नावावर येणारा पैसा कुठे थांबतो ते विचारलं पाहिजे. रोपवेची चर्चा अधूनमधून उठते. रायगडाला रोपवे झाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दर्शन झालं, चांगलं झालं. राजगडाला झाला तर चढणीवर ताक विकणाऱ्या बाईनं बसायचं कुठे, हा प्रश्न आराखड्यात कोण लिहिणार? जमीन न विकता टिकण्याची सोय घेऱ्यातल्या माणसाला द्यायची असेल तर गडाच्या उत्पन्नात त्याचा लेखी वाटा हवा, राखणीचं काम पगारी हवं आणि आराखडा ग्रामसभेत मराठीतून वाचला जायला हवा. जुन्या काळात हा वाटा जातीनं ठरत होता. आता तो करारानं ठरवता येईल, हीच तर आपली सोय आहे.

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे. काहींना वाटलं, नावापलीकडे काय? मला उलट वाटतं. अजाणता का होईना, सरकारनं कबूल केलं की राजगड म्हणजे सगळा तालुका आहे. त्यातली खाचरं, करवंदाच्या जाळ्या, सात वर्षांनी फुलणारी कारवी, कारवीच्या कुडाची घरं, एस.टी.ची वाट पाहणारी पोरं, सगळ्यासकट. फक्त या नावाला जागायला हवं.

त्या सोमवारी ओढ्यातल्या गोण्या आम्ही तिघांनी ओढून वर काढल्या. मावशींचा पोरगा बाटल्या वेगळ्या करून भंगारवाल्याकडे घेऊन गेला. बाकीचं एका पोत्यात तालुक्याच्या गावी न्यायला मी गाडीत टाकलं. पोतं वाटभर वास मारत होतं. निघताना मावशी चुलीतली राख सुपात घेऊन परसात आल्या होत्या. घेवड्याच्या वेलाच्या बुडाशी त्यांनी ती मुठीनं पसरली, हात झटकले आणि विचारलं, “दादा, शेंगा न्याल का थोड्या?”